नवव्या रात्रीचे खेटे : सोसेकीच्या एका स्वप्नकथेतील देवस्थान व शतफेरीचा आचार

नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) याची 'युमे जू-या', म्हणजे 'दहा रात्रींची स्वप्ने', ही लेखमाला १९०८ च्या जुलै–ऑगस्टमध्ये 'असाही' वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. तीतील दहा लहान गद्यखंडांपैकी पहिला, तिसरा व सहावा यांच्याभोवती टीकेचा मोठा पसारा उभा राहिला आहे. त्या मानाने नवव्या खंडाकडे कमी लक्ष गेले. ज्यांनी लक्ष दिले त्यांपैकी बहुतेकांनी त्याचे तात्पर्य एका वाक्यात सांगून टाकले : एक स्त्री नवऱ्याच्या सुरक्षिततेसाठी रात्रंदिवस देवाची आळवणी करते आणि नवरा तर केव्हाच मारला गेलेला असतो. सबब ही श्रद्धेच्या वैफल्याची कथा. हे तात्पर्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कारण कथेतील जवळजवळ अर्धी जागा त्या स्त्रीच्या देवस्थानात जाण्याने आणि तेथील आचाराच्या वर्णनाने व्यापली आहे, आणि हे वैफल्यवादी वाचन तो सर्व भाग केवळ पार्श्वभूमी म्हणून बाजूस सारते. वस्तुतः या कथेची रचना समजून घ्यावयाची तर त्या आचाराचे स्वरूपच प्रथम समजून घेतले पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. जगात अस्वस्थता माजली आहे, युद्ध पेटेल असे वाटते. घराभोवती मोकाट घोडे धावत आहेत आणि शिपाई त्यांचा पाठलाग करीत आहेत असा भास होतो, घरात मात्र सामसूम आहे. घरात एक तरुण आई आणि तिसऱ्या वर्षातले मूल. बाप एका अंधाऱ्या मध्यरात्री गवती पायताणे घालून, डोक्यावर काळे टापर ओढून मागीलदाराने निघून गेला तो परतलेला नाही. आई मुलाला रोज विचारते, बाबा कुठे आहेत? काही दिवसांनी मूल दिशादर्शक एक शब्द बोलावयास शिकते. मग बाबा केव्हा येणार असे विचारले तरी त्याचे उत्तर तेच, 'तिकडे'. आई त्याला 'लवकरच येतील' हे वाक्य शिकवू पाहते. मुलाच्या लक्षात त्यातील 'लवकरच' एवढाच शब्द राहतो, आणि बाबा कुठे या प्रश्नाला ते कधी कधी 'लवकरच' असे उत्तर देते. स्थळाच्या प्रश्नाला काळाचे उत्तर आणि काळाच्या प्रश्नाला स्थळाचे, हा गोंधळ वरवर बाललीलेचा वाटतो. पुढे जे घडते त्याची ही पूर्वतयारी आहे हे दुसऱ्या वाचनातच ध्यानात येते.

रात्री शेजारपाजार निजला की आई कमरेचा पट्टा नीट आवळते, त्यात एक लहान कट्यार खोचते, मुलाला अरुंद पट्ट्याने पाठीशी बांधते आणि खिडकीवजा दारातून बाहेर पडते. सामुराई वस्तीच्या मातीच्या भिंतींकडेने पश्चिमेस जाऊन, उतार उतरून, एका मोठ्या गिंको वृक्षाशी ती वळते. तेथून आत दगडी 'तोरी', म्हणजे देवस्थानाची दोन खांब व दोन आडव्या तुळया असलेली कमान. एका बाजूस भातशेत, दुसऱ्या बाजूस बांबूचे खुरटे रान. कमानीपलीकडे सुरूसारख्या उंच सुगी वृक्षांची काळोखी राई. फरसबंदी वाट वीस 'केन', म्हणजे सुमारे छत्तीस मीटर, चालून गेली की जुन्या उपासनामंडपाच्या पायऱ्या लागतात. पावसापाण्याने करडी पडलेली दानपेटी, तिच्यावर लोंबणारा घंटेचा दोर. देव आहे हाचिमान, धनुष्यबाणांचा देव आणि म्हणून योद्ध्यांचा कैवारी. आई घंटा वाजवते, बसती होऊन टाळ्या वाजवते, नवऱ्यासाठी प्रार्थना करते. नंतर मुलाला पाठीवरून पुढे घेऊन मंडपाच्या ओट्यावर ठेवते, गालाला गाल घासते, त्याच पट्ट्याने त्याला कठड्याशी बांधते, आणि खाली उतरून त्या वीस केन फरशीवरून शतफेरी घालू लागते.

या आचाराला जपानीत 'ओह्याकुदो' म्हणतात. शंभर वेळा देवदर्शन हा त्याचा शब्दार्थ. शंभर दिवस रोज देवस्थानात जाण्याचे जे व्रत, त्याचा हा एका दिवसात आटोपलेला संक्षेप मानला जातो. भक्त आवारातील एका ठराविक जागेपासून देवापर्यंत जातो, प्रार्थना करतो, परत मूळ जागी येतो आणि पुन्हा निघतो. पुष्कळ ठिकाणी या परतीच्या जागी 'शतफेरीचा दगड' उभा केलेला असतो. मोजणी चुकू नये म्हणून खडे, कागदाची पिळे किंवा दोऱ्यांच्या जुड्या वापरतात. ओसाकाजवळील इशिकिरीच्या देवस्थानात आजही दोन दगडांमधून अशा फेऱ्या घालणाऱ्यांची रांग दिसते.

मराठी वाचकाने येथे 'प्रदक्षिणा' या शब्दाचा मोह आवरावयास हवा. प्रदक्षिणेत देव मध्यभागी राहतो आणि भक्त त्याच्याभोवती फिरतो. मार्ग वर्तुळाकार असल्यामुळे देवापासून दूर जाणे असे त्यात नसतेच. ओह्याकुदोत मात्र प्रत्येक फेरीत देवाकडे पाठ करून दूर जावे लागते, आणि पुन्हा नव्याने येणाऱ्यासारखे यावे लागते. आपल्याकडचा त्यास जवळचा शब्द 'खेटे' हा आहे. माघातील रविवारी कोल्हापूरकर अनवाणी जोतिबाच्या डोंगराला जे खेटे घालतात त्यांत अशीच पुनःपुन्हा जाण्या-येण्याची कल्पना आहे. शिवाय कचेरीचे, सावकाराच्या दाराचे खेटे या प्रयोगांमुळे त्या शब्दात निष्फळ हेलपाट्याची जी छटा शिरली आहे तीही येथे अस्थानी नाही. 'नवस' हा शब्द मात्र चालणार नाही. नवसात 'अमुक झाले तर तमुक करीन' असा करार असतो. सोसेकीची स्त्री देवाला काहीच देऊ करीत नाही. पेटीत नाणे टाकल्याचासुद्धा उल्लेख नाही. नवरा सामुराई आहे, हाचिमान हा योद्ध्यांचा देव आहे, तेव्हा इतक्या कळकळीची विनवणी तो ऐकणार नाही हे संभवत नाही, एवढाच तिचा तर्क. देवाच्या अधिकारक्षेत्रावर बोट ठेवून केलेली ही मागणी आहे.

हा आचार आणि हा देव यांचा संबंध पुरातन आहे. कामाकुरा राजवटीच्या 'आझुमा कागामी' या बखरीत ११८९ च्या आठव्या महिन्यातील एक नोंद आहे. मिनामोतो नो योरितोमो उत्तरेच्या स्वारीवर गेला असता त्याची पत्नी मासाको हिने वाड्यातील काही स्त्रियांकडून त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानात शतदर्शन करविले. पुरुष लढाईवर, स्त्रिया हाचिमानच्या आवारात फेऱ्या घालीत आहेत, हे चित्र सोसेकीच्या कथेहून सातशे वर्षांनी जुने आहे. भेद एवढाच की मासाकोच्या स्त्रिया राज्यकर्त्याच्या घरातून, दिवसाउजेडी बखरीत नोंद होईल अशा रीतीने गेल्या, आणि नवव्या रात्रीची स्त्री कट्यार खोचून एकटी चोरवाटेने जाते.

सोसेकीच्या समकालीन वाचकांना मात्र ११८९ पेक्षा १९०४–०५ चे स्मरण अधिक ताजे असणार. रशियाशी झालेल्या त्या युद्धात असंख्य घरांतून माणसे आघाडीवर गेली, आणि मागे राहिलेल्यांनी गावोगावच्या देवस्थानांची वाट धरली. १९०५ च्या जानेवारीत 'ताइयो' मासिकात ओत्सुका कुसुओको या कवयित्रीची 'शतफेरी' याच विषयावरील कविता प्रसिद्ध झाली. तीतील स्त्रीचे मन पावलापावलाला पती आणि देश यांमध्ये हेलकावे खाते, आणि पतीकडे झुकणे हा स्त्रीच्या मनाचा अपराध ठरतो काय, असे ती विचारते. कुसुओको ही सोसेकीच्या मित्राची पत्नी व सोसेकीच्या परिचयातील लेखिका. तिच्या कवितेवरून ही कथा सुचली असे म्हणावयास पुरावा नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. दोन्हींची तुलना मात्र उद्बोधक आहे. कुसुओकोची स्त्री देशाला विसरू शकत नाही म्हणूनच तिला अपराधाची शंका येते. सोसेकीने कथा मेइजीपूर्व धामधुमीच्या काळात नेली आणि त्याबरोबर देश ही संकल्पनाच कथेतून काढून घेतली. त्याच्या स्त्रीला कोण कोणाशी लढत आहे हेही ठाऊक नाही. तिची प्रार्थना एका माणसापुरती आहे आणि तीत शंकेला जागा नाही.

या निवडीचे महत्त्व कथेच्या प्रकाशनकाळाकडे पाहिले असता अधिक स्पष्ट होते. मेइजी शासनाने शिंतो देवस्थानांना राष्ट्रीय विधींची स्थाने ठरविले होते. १९०० साली गृहमंत्रालयात देवस्थानांसाठी धर्मखात्याहून वेगळे खाते निघाले, आणि देवस्थान म्हणजे धर्म नव्हे ही अधिकृत भूमिका झाली. १९०६ पासून लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण राबविले गेले. सुमारे दहा वर्षांत त्यांची संख्या अंदाजे १ लाख ९० हजारांवरून १ लाख २० हजारांच्या आसपास आली, आणि अनेक ठिकाणी देवस्थानाबरोबर त्याची राईही तुटली. निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु याने या राया वाचविण्यासाठी जो लढा दिला, त्यासंबंधीची त्याची पत्रे १९११ मध्ये यानागिता कुनिओने छापून वाटली. १९०७ मध्ये देवस्थानांतील विधींच्या हालचालींची नियमावली निघाली. दोन वेळा लवून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार ही जी रीत आज बहुतेक देवस्थानांत फलकावर लिहिलेली दिसते, तिचा सर्वत्र एकसारखा प्रसार हाही मुख्यतः आधुनिक काळातील आहे. इझुमो आणि उसा येथे आजही चार टाळ्यांचा प्रघात आहे.

अशा काळात सोसेकीने एक आडबाजूचे, राईतले, पुजाऱ्याचा मागमूस नसलेले देवस्थान निवडले आणि तेथे एका स्त्रीला घंटा वाजवून, बसती होऊन, टाळ्या वाजवावयास लावले. तिने हात धुतल्याचे कथा सांगत नाही. ती किती वेळा लवली हेही सांगत नाही. यावरून सोसेकीने शासकीय धोरणावर टीका करण्याकरिता ही कथा लिहिली असा निष्कर्ष काढणे म्हणजे कथेवर अन्याय करणे होईल. रूपककथा शोधणाऱ्या टीकाकारांनी या लेखमालेचे आधीच पुष्कळ नुकसान केले आहे. एवढेच म्हणणे योग्य होईल की, ज्या खाजगी याचनेला अधिकृत व्याख्येत स्थान उरले नव्हते तीच या कथेत देवस्थानाचे एकमेव प्रयोजन म्हणून उभी आहे.

याच संदर्भात लाफ्काडिओ हर्न याचे स्मरण होते, कारण टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात १९०३ साली सोसेकी त्याच्याच जागी आला. हर्नने १८९४ च्या आपल्या जपानविषयक ग्रंथात इझुमोच्या महादेवस्थानास दिलेल्या भेटीचे दीर्घ व रसाळ वर्णन केले आहे. मुख्य पुरोहिताने केलेले स्वागत आणि परकीयास क्वचितच मिळणारा अंतर्भागातील प्रवेश यांचा अभिमान त्यात लपत नाही. ते वर्णन मोलाचे आहे, पण ते पाहावयास गेलेल्याचे आहे. मागणे घेऊन गेलेल्याला कमानीची शैली दिसत नाही.

सोसेकीने ही दोन दर्शने एकाच कथेत शेजारी ठेवली आहेत, आणि हे बहुतेक टीकाकारांच्या नजरेतून निसटले. देवस्थानाच्या वर्णनात एक वाक्य अचानक दिवसा जाऊन येते. दिवसा पाहिले तर घंटेजवळ देवाच्या नावाची पाटी दिसते, आणि त्या नावातील 'आठ' हा अंक समोरासमोर बसलेल्या दोन कबुतरांसारखा लिहिलेला आहे. कबुतर हा हाचिमानचा दूत असल्यामुळे ही लेखनशैली त्याच्या देवस्थानांत प्रचलित आहे. निवेदक ती गमतीची म्हणून नोंदवितो. भोवती आणखी पाट्या आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी सरदाराच्या पदरच्या तिरंदाजांनी वेधलेली लक्ष्ये त्यांच्या नावांसह लावली आहेत, क्वचित कोणी वाहिलेली तलवार. म्हणजे दिवसाचे देवस्थान हे पुरुषांचे, पराक्रमाचे, नावे कोरून ठेवण्याचे स्थान आहे. रात्री तेथे येणाऱ्या स्त्रीचे अर्पण फक्त चालण्याचे आहे. त्याची पाटी लागत नाही, आणि कथेत तिला नावही नाही. ही विषमता सोसेकी कोठेही बोलून दाखवीत नाही. पाट्यांचे वर्णन संपवून तो सरळ घुबडाकडे वळतो.

हे घुबड कथेतील सर्वांत सूक्ष्म योजना होय. कमान ओलांडली की सुगीच्या शेंड्यावर ते घुमत असते, खाली आईच्या साध्या गवती चपलांचा चपचप आवाज. ती मंडपापुढे थांबते, घंटा वाजवते, टाळ्या वाजवते, आणि बहुधा त्याच क्षणी घुबड एकदम गप्प होते. शिंतो उपासनेतील टाळीचा अर्थ देवाचे लक्ष वेधणे असा सामान्यतः सांगितला जातो. येथे लक्ष वेधले गेले आहे हे निश्चित, पण कोणाचे? साऱ्या कथेत तिच्या आवाहनाला मिळालेला हा एकच प्रतिसाद, आणि तो म्हणजे शांतता. ऐकणारा वाचक तिला देवाचे अवधान समजू शकतो, पाखराची दचक समजू शकतो. सोसेकी कोणतीही बाजू घेत नाही. वैफल्यवादी वाचनाला येथेच पहिला अडथळा येतो. देव नाही असे सुचवावयाचे असते तर घुबडाला घुमत ठेवणे सोपे होते.

आता फेऱ्यांकडे. छत्तीस मीटर जाणे, छत्तीस मीटर येणे, असे शंभर वेळा केले तर सात किलोमीटरांहून अधिक अंतर होते, आणि तेही अंधारात, पाठीमागे रडू शकणारे मूल ठेवून. मूल पट्ट्याच्या लांबीइतके ओट्यावर रांगत राहिले तर ती रात्र आईला सोपी जाते. ते रडू लागले की तिची पावले भराभर पडतात, श्वास चढतो. अगदीच नाइलाज झाला तर ती मध्येच वर येऊन त्याची समजूत घालते आणि पुन्हा फेऱ्या घालू लागते. येथे योजलेल्या जपानी संयुक्त क्रियापदात काम मोडून नव्याने करणे अशी छटा आहे. खंडित झालेल्या शंभरांत पुढचा आकडा मिळवावयाचा नसून शंभर पहिल्यापासून सुरू करावयाचे, असा अर्थ त्यातून निघतो. भाषांतरकाराने 'पुन्हा चालू लागते' एवढ्यावर भागविले तर ही छटा जाते आणि तिच्याबरोबर कथेतील खरा ताणही जातो. ज्याच्या बापासाठी फेऱ्या घालावयाच्या तेच मूल फेऱ्या मोडते. बापाचे काय झाले हे त्याला कळत नाही, पण मोजणीवर त्याचाच ताबा आहे. शंभराचा आकडा एकदा तरी पुरा झाला असे कथेत कोठेही म्हटलेले नाही.

शंभर हा आकडा या लेखमालेत पूर्वी दोनदा आला आहे. पहिल्या रात्री एक पुरुष मृत प्रेयसीच्या थडग्यापाशी शंभर वर्षे वाट पाहतो. उगवणारे-मावळणारे सूर्य मोजता मोजता त्याची मोजणी चुकते, आणि फूल उमलते तेव्हा शंभर वर्षे झाल्याचे त्याला कळते. तिसऱ्या रात्री एक बाप आंधळ्या मुलाला पाठीवर घेऊन राईत शिरतो आणि एका सुगीच्या मुळाशी शंभर वर्षांपूर्वी आपण केलेला खून त्याला आठवतो. पाठीवरचे मूल दगडासारखे जड होते. नववी रात्र या दोहोंना सामोरी ठेवून वाचावयाची आहे. तेथेही वाट पाहणे आहे, पाठीवर मूल आहे, सुगीची राई आहे, खून आहे. परंतु येथे शंभर हा आकडा काळाचा राहिला नसून पावलांचा झाला आहे. पहिल्या रात्रीच्या पुरुषाला नुसते बसून शंभर वर्षे मिळाली. या स्त्रीला एक शतक रोज रात्री पायांनी कापावे लागते. मुलाने घातलेला स्थळ-काळाचा गोंधळ येथे आचाराच्या रूपाने परत येतो. 'केव्हा' या प्रश्नाला तीही अंतरानेच उत्तर देते आहे.

त्या पट्ट्याचाही उल्लेख केला पाहिजे. मूल पाठीशी ज्याने बांधले त्याच पट्ट्याने ते कठड्याशी बांधले जाते. आईचे शरीर आणि देवाचा मंडप यांना जोडणारी ही एकमेव वस्तू. देवाच्या ओटीत मूल घालण्याचा येथे विचार नाही, त्याला क्षणभर सांभाळावयास देण्याचा आहे. नवऱ्याच्या बाबतीत देवाने काय केले हे कथा शेवटी सांगते. मुलाच्या बाबतीत मात्र तो कठडा त्या सगळ्या रात्री पुरला.

राहिला शेवट. बाप फार पूर्वीच रोनिनांच्या हातून मारला गेला होता, एवढे सांगून निवेदक एका वाक्यात म्हणतो की ही दुःखद हकीकत त्याने स्वप्नात आईकडून ऐकली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या रात्रीची सुरुवात 'असे स्वप्न पडले' या अर्थाच्या वाक्याने होते. येथे स्वप्न असल्याचे अखेरीस कळते, आणि तेही सांगणारी आई आहे या माहितीबरोबर. सोसेकीची आई १८८१ मध्ये, त्याच्या बालपणीच वारली, आणि त्याआधीची त्याची काही वर्षे दत्तकघरात गेली होती. या तपशिलांवरून कथेचा उलगडा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्यांनी सोसेकीविषयी काही कळते, कथेविषयी फारसे नाही. कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही आई त्या आईहून निराळी आहे असे मजकूर कोठेच म्हणत नाही. ती एकच असेल तर कठड्याशी बांधलेले मूल आता ऐकणाऱ्याच्या जागी आहे. जे त्या वेळी झोपेत चपलांचा आवाज ऐकत होते, घंटेने जागे होऊन काळोखाला भिऊन रडत होते, त्याला त्या रात्रींचा अर्थ आता सांगितला जात आहे. आणि सांगणारीला नवऱ्याचा मृत्यू ठाऊक आहे. तरीही सांगताना तिने प्रार्थनेचा एक शब्द, फेरीचे एक पाऊल गाळलेले नाही किंवा त्यावर पश्चात्तापाचा शब्दही उच्चारलेला नाही. फेऱ्या व्यर्थ गेल्या असे कथेत कोणी म्हणत नाही. 'दुःखद' हे विशेषण तेवढे येते, आणि ते ऐकणाऱ्याचे आहे.